आखाजीला गच्चीवर सिनेमा: तुमचा आवडता कोणता आणि का? (सल्ला हवा)

चोपड्याची लेक
यंदा आखाजीला, म्हणजे आपल्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेला, आम्ही तिघी बहिणी एकदम माहेरी असणार आहोत. किती वर्षांनी हा योग आलाय. आई, आत्या, वहिनी, आमची पोरं, शेजारच्या काकू धरून पंधरा-वीस माणसं होतील. दिवसा झोके आणि गौराईची गाणी आहेतच. रात्री जेवणं झाली की गच्चीवर पडदा लावून सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा, असं ठरतंय.

अटी सांगते. मराठी हवा, कारण आई आणि आत्या घरात अहिराणी बोलतात, भराभर हिंदी त्यांना झेपत नाही आणि पडद्याखालची अक्षरं वाचणं तर शक्यच नाही. सव्वादोन तासांत संपावा. प्रोजेक्टरसकट सगळा खर्च दोन हजारांत बसवायचाय. आणि नुसतं 'छान आहे, बघा' लिहू नका. तुम्हाला तो का आवडतो, तुमच्या घरातलं काय त्यात सापडलं, ते लिहा. याद्या कुठेही मिळतात.

तापीकाठ
'श्यामची आई'. 1953 चा, आचार्य अत्र्यांचा. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा 1954 मध्ये पहिलं सुवर्णपदक यालाच मिळालं. पण माझं कारण ते नाही. आम्ही अमळनेरचे. साने गुरुजी आमच्या गावच्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे आणि छात्रालयातल्या पोरांचं आईसारखं करायचे. माझे आजोबा त्या छात्रालयात होते. आपण आंघोळीला गेलो की गुरुजी आपली अंथरुणं घडी करून ठेवायचे, हे सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज कापायचा. सिनेमा कोकणातला आहे, पण पडद्यावरचा तो हट्टी पोरगा मोठा होऊन आमच्या गावात येणार आणि माझ्या आजोबांचं अंथरूण घडी करणार, हे मला माहीत असतं. तळव्यांना माती लागू नये म्हणून आई पदर पसरते तो प्रसंग मी आजही कोरड्या डोळ्यांनी बघू शकत नाही.

भुसावळ जंक्शन
ताई, गच्चीवर बघायचा तर 'शोले'च. दुसरं काही लावू नका. माझे वडील रेल्वेत वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. घरी यायचे ते अंगभर काजळी घेऊन, जेवायचे आणि झोपायचे. काय काम करतात ते आम्हाला कधी कळलंच नाही. 'शोले'त सुरुवातीला मालगाडीवर दरोडा पडतो, इंजिनात कोळसा टाकत गाडी दामटतात, तिथे वडील खुर्चीच्या टोकाला येऊन बसले आणि सांगायला लागले, फावडं कसं मारायचं, आच कुठे द्यायची, चढावर काय होतं. त्या दिवशी ते जेवढं बोलले तेवढं आधी कधी बोलले नव्हते. आता ते नाहीत. मी सिनेमा तेवढ्यासाठी लावतो.

चोपड्याची लेक
भुसावळ भाऊ, वाचून गलबलून आलं. पण मराठी म्हटलं होतं, आणि 'शोले' तीन तासांच्या वर आहे.

भुसावळ जंक्शन
'शोले' कळायला भाषा लागत नाही ताई. आणि आखाजीला कोणाला लवकर झोपायचंय?

पाचोरा ते पुणे
'अशी ही बनवाबनवी'. विषय संपला. मी पुण्यात शिकायला गेलो तेव्हा एकट्या पोरांना खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. त्यात आमचं बोलणं ऐकून लोक विचारायचे, तुम्ही कुठले? 1988 च्या या सिनेमात बिऱ्हाड मिळत नाही म्हणून दोघं बायकांचं सोंग घेतात. लोक त्याला हसतात, मीही हसतो, पण मला त्यातली घराची चणचण आधी दिसते. अशोक सराफांचा माणूस पैसे नसताना सगळ्या मित्रांची जबाबदारी उचलतो, तसा एक जण आमच्या खोलीवर होता. जळगावचाच. त्याच्याशिवाय माझी पदवी झाली नसती.

शिरपूरची सून
माझा 'उंबरठा', 1982 चा, जब्बार पटेलांचा. स्मिता पाटील म्हणजे आमच्या शिरपूरची लेक, तेवढ्यासाठी सांगत नाहीये. मी परिचारिका. लेक लहान असताना माझी नेमणूक अक्कलकुव्याकडे झाली. सासूबाई म्हणाल्या जा, पण गावाने जे बोलायचं ते बोलून घेतलं. सिनेमातली सुलभा मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून निघते. तिथल्या बायकांचं दुःख, संचालक मंडळाची कटकट आणि रात्री एकटीने जेवणं. ते एकटीचं ताट मला ठाऊक आहे. सिनेमा तिला बरोबरही ठरवत नाही आणि चूकही. ती परत येते तेव्हा घर तिच्यासाठी थांबलेलं नसतं. माझं थांबलं, सासूबाईंमुळे. प्रत्येक वेळी सिनेमा संपला की मी त्यांच्या फोटोला हात जोडते. तिघी बहिणी जमताय तर हाच बघा, पण पोरं झोपल्यावर.

पांझरा
स्मिता पाटील यांचा जन्म पुण्याचा आहे. शिरपूर त्यांच्या वडिलांचं. माहिती नीट द्यावी.

शिरपूरची सून
शिवाजीराव गिरधर पाटलांची लेक शिरपूरची नाही तर कुठली? लेक बापाच्या गावाची असते, दवाखान्याच्या गावाची नाही.

तापीकाठ
शिरपूरच्या वहिनींशी सहमत.

मालेगावकर
एक वेगळं सुचवतो. 'सुपरमेन ऑफ मालेगाव', फैज़ा अहमद खान यांचा माहितीपट. तासाभराचा आहे, म्हणजे लांबीची अट पाळली. आमच्याकडे शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात आणि सिनेमा ही त्या दिवसाची जान आहे. माझे मामा मागावर होते. सहा दिवस त्या खडखडाटात कान बधिर करून घ्यायचे आणि सातव्या दिवशी हिरोसारखे केस वळवून निघायचे. या माहितीपटात नासिर शेख आणि त्यांची मंडळी जवळ काही नसताना मालेगावचा सुपरमॅन उडवतात. सायकलीवर कॅमेरामन बसवून पळतं दृश्य घेतात. मागावरचा शफीक सुपरमॅन होतो. सुकडा जीव, पण डोळ्यांत काय चमक! तो पुढे कर्करोगाने गेला. मामांसारखी माणसं पडद्यावर येतील असं मला कधी वाटलं नव्हतं. 2025 मध्ये रीमा कागतींचा 'सुपरबॉइज़ ऑफ मालेगाव' आला तोही चांगला आहे, पण मला खरी माणसं बघायला आवडतात.

पांझरा
मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे. धागा खान्देशाचा आहे ना?

मालेगावकर
आमच्या तालुक्यातल्या खेड्यांत अहिराणी बोलतात. बागलाणात बोलतात, कळवणला बोलतात. जिल्ह्याची रेघ सरकारने ओढलेली.

नंदुरबारचा
मालेगाव आपलंच शे भाऊ. वाद नको.

आता माझा. 'फँड्री'. वडिलांबरोबर मला कामाला जावं लागायचं. काय काम ते लिहीत नाही, समजून घ्या. रस्त्यात वर्गातली पोरं दिसली की मी तोंड भिंतीकडे करायचो. 'फँड्री'तला जब्या नेमकं तेच करतो, शाळेच्या भिंतीआड लपतो. किशोर कदमांचा बाप त्याच्यावर ओरडतो तेव्हा मला पोराची लाज आणि बापाची लाचारी दोन्ही एकदम कळतात. शेवटी तो दगड भिरकावतो आणि तो सरळ आपल्याकडे येतो. मी थिएटरात खाली वाकलो नाही. माझ्या बाजूने कोणीतरी दगड उचलला, असं वाटलं. मराठी आहे, दोन तासांच्या आत संपतो. तुमच्या सगळ्या अटींत बसतो.

केळीवाला रावेर
सिनेमा उत्तम, पण सणाच्या दिवशी, लेकी माहेरी आलेल्या असताना इतकं जड नको.

नंदुरबारचा
काका, सणाच्याच दिवशी सगळे एकत्र बसतात. इतर दिवशी कोण बघतं?

केळीवाला रावेर
हे मान्य. तरी पोरांचा विचार करून 'टिंग्या' सांगतो. 2008 चा, मंगेश हाडवळेंचा. जुन्नरकडचं शेतकऱ्याचं पोर आणि त्याचा चितंग्या बैल. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून बैल अधू होतो, बापाला तो विकावा लागतो, आणि पोराचं एकच म्हणणं: आजारी आजीला कोणी विकत नाही, मग बैलाला का? शरद गोयेकर या पोराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका वर्षी वादळात आमची केळीची सगळी बाग आडवी झाली आणि वडिलांनी जोडी विकली. मी त्या दिवशी शाळेतून घरी आलो तर गोठा रिकामा. वडिलांशी मी किती तरी दिवस बोललो नाही. 'टिंग्या' बघताना मला पहिल्यांदा बापाचा चेहरा दिसला. मी तोपर्यंत फक्त बैलाचा विचार केला होता.

मांडववाला पारोळा
सिनेमा कोणताही लावा, पण आधी सामानाचं बघा. आखाजी म्हणजे लग्नाचा मुहूर्त. त्या दिवशी जिल्ह्यातला प्रत्येक चांगला प्रोजेक्टर कुठल्या ना कुठल्या मांडवात लागलेला असतो. आजच कोणालातरी सांगून ठेवा, इसार द्या.

दुसरं, चादर लावू नका. वारा सुटला की नायिकेचं तोंड हलतं. जुना मोठा फ्लेक्स घ्या, पांढरी पाठ पुढे करा, वर-खाली बांबू घालून ताणून बांधा. साडेसातच्या आधी सुरू करू नका, उजेडात काही दिसत नाही. स्पीकर प्रोजेक्टरजवळ नको, पडद्याच्या बाजूला ठेवा, नाहीतर आवाज पाठीमागून येतो आणि म्हाताऱ्या माणसांना गोंधळायला होतं. सिनेमा आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवा, गच्चीवर नेटचा भरवसा नाही. घरच्या इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर आणि लहान स्पीकर चालतो, पण त्या वेळी पंखे बंद करा.

माझ्याकडचा प्रोजेक्टर साठ हजारांचा आहे. एकदा त्यावर बघाल तर घरचा टीव्ही विकाल.

चोपड्याची लेक
दादा, फ्लेक्सची युक्ती फार कामाची. पण बजेट दोन हजार आहे.

मांडववाला पारोळा
ओळखीत बघतो.

पांझरा
दोन हजारांत प्रोजेक्टर विकतही मिळतो, छोटा. माझ्या मेहुण्याने घेतला.

मांडववाला पारोळा
तो खोलीतल्या भिंतीवर पोरांच्या कार्टूनसाठी. गच्चीवर वीस माणसांना त्यात सावल्या दिसतील. घेऊ नका.

अजिंठ्याच्या पायथ्याचा
कोणी 'जैत रे जैत'चं नाव घेतलं नाही याचं वाईट वाटतंय. 1977, पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा स्मिता पाटील, मोहन आगाशे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. आणि गाणी ना. धों. महानोरांची. पळसखेड आमच्याकडून हाकेच्या अंतरावर. ज्याच्या शेतातली ज्वारी आपण बघितली त्या माणसाचे शब्द ठाकरांच्या तोंडी ऐकताना छाती फुगते. वडील पेरणीच्या वेळी यातली गाणी म्हणायचे, सुरात नाही, पण म्हणायचे. माहेरी आलेल्या बायका असतील तर गाण्यांचाच सिनेमा लावा. गोष्ट हुकली तरी कोणी तक्रार करणार नाही.

पाचोरा ते पुणे
पुन्हा सांगतो, 'बनवाबनवी'. सगळे हसतील. घरातली माणसं एकत्र हसली पाहिजेत.

नवापूर 05
'बनवाबनवी' लावा ताई. सगळ्यांना आवडतो.

चोपड्याची लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल फोनवर आईला तुमची एकेक गोष्ट वाचून दाखवली. गोठ्याच्या गोष्टीला ती गप्प झाली. शिरपूरच्या ताईंच्या सासूबाईंबद्दल ऐकून म्हणाली, अशी सासू मिळायला भाग्य लागतं. मग मी विचारलं, तुला कोणता बघायचा? तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, 'जय संतोषी माँ'.

हिंदी आहे म्हटलं, तर तिने पूर्ण गोष्ट क्रमाने सांगितली. कारण असं: 1975 चा सिनेमा आमच्याकडे लागला तेव्हा ती नवी सून होती. सिनेमा बघायला बायकांनी जाणं आमच्या आजीला अजिबात पटायचं नाही. पण हा देवीचा, म्हणून परवानगी मिळाली. आई, तिच्या दोन्ही जावा आणि आत्या अशा चौघी बैलगाडीतून गेल्या. बायकांनी थिएटरात चपला काढून ठेवल्या होत्या, आरतीच्या गाण्याला पडद्याकडे फुलं आणि नाणी टाकली. आईकडे टाकायला काही नव्हतं, तर मोठ्या जावेने स्वतःच्या पदराची गाठ सोडून तिच्या हातावर नाणं ठेवलं. घरात या दोघींचं फारसं बोलणं नव्हतं. त्या दिवसापासून सुरू झालं ते जाऊ असेपर्यंत. आई म्हणाली, देवीचं काय ते देवीला माहीत, मला माझी जाऊ त्या सिनेमात मिळाली.

त्या चौघींपैकी आई आणि आत्या राहिल्यात. दोघीही आखाजीला घरात असतील. तेव्हा तुम्ही इतकं मनापासून सांगितलेलं बाजूला ठेवून मी हाच लावणार आहे. माझ्या भाषेच्या अटीसकट. दुसऱ्या रात्री पोरं झोपली की आम्ही तिघी 'उंबरठा' बघणार, आणि पोरांना दुपारी घरातल्या टीव्हीवर 'टिंग्या' लावून देईन.

भुसावळ जंक्शन
मराठीच हवा म्हणून 'शोले' नाकारला आणि आता हिंदीच! तोही 'शोले'च्याच सालचा. पण आईचं कारण माझ्या कारणाइतकंच खरं आहे. लावा.

शिरपूरची सून
आरतीच्या वेळी आईंच्या हातात एक नाणं द्या. 'उंबरठा' बघून झाल्यावर कसा वाटला ते नक्की लिहा.

पांझरा
संतोषी मातेचा सिनेमा आहे तर शुक्रवारी लावायला हवा. यंदा आखाजी कोणत्या वारी येते ते बघा.

मांडववाला पारोळा
ताई, अमळनेरच्या एकाशी बोललो. प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर, एका रात्रीचे अठराशे. दुसरी रात्रही ठेवणार असाल तर आत्ताच सांगा, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशीचं हळदीचं बुकिंग येऊ घातलंय. गच्चीची रुंदी कळवा म्हणजे फ्लेक्स तेवढाच देतो.

चोपड्याची लेक
रुंदी अठरा फूट. दोन्ही रात्री ठेवा दादा, वरचे पैसे आम्ही बहिणी वाटून घेऊ.

नवापूर 05
'श्वास' बघितलाय का कोणी?