अनुभव धागा: सुट्टीत तुमचं मन कुठे विसावलं?

शुक्रवार म्हणजे आमचा रविवार, असं ऑफिसातल्या बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. कुरआनच्या ६२व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, जुम्याची (शुक्रवारच्या नमाजची) अजान झाली की खरेदी-विक्री सोडून या, आणि नमाज उरकली की पांगा, रोजी शोधा, असंच सांगितलंय. म्हणजे सुट्टी जेमतेम तासाभराची. मग मोठी सुट्टी मिळते तेव्हा काय करता? सोलापूरकरांनो, लिहा. उपदेश नको, स्वतःचं सांगा.

नई जिंदगीहून, पॉवरलूमवाला:
टॉवेलच्या कारखान्यात हजेरीवर आहे. गेल्या रमजानात २०व्या रोज्याला मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजच्या, आधी मशिदीत शिरलो, तो ईदचा चांद दिसल्यावरच बाहेर पडलो. एतिकाफ, म्हणजे इबादतीसाठी सगळं सोडून एका जागी बसणं. तितके दिवस खाडे. मालक म्हणाला, आल्यावर तुझा माग रिकामा असेलच असं नाही. बायको म्हणाली, जावा तुम्ही. कोपऱ्यात आपलीच सोलापुरी चादर दोरीवर टाकून आडोसा केला. पहिले तीन दिवस मशीद चिडीचूप आणि माझ्या कानात खटाखट, खटाखट. सजद्यात कपाळ टेकलं की जास्तच. चौथ्या रात्री सहरीआधी, म्हणजे रोज्याच्या पहाटेच्या जेवणाआधी, जाग आली ती पंख्याच्या आवाजानं. पंख्याच्या! कारखान्यात डोक्यावर इतकी वर्षं पंखा फिरतोय, कधी ऐकूच आला नव्हता. उठलो, वजू केला (नमाजआधी हात-तोंड-पाय धुतात तो), बसून राहिलो. काही मागितलंसुद्धा नाही. इमामसाहेबांनी एकदा सांगितलं, तरावीह (रमजानातली रात्रीची नमाज) या शब्दातच आराम आहे, दर चार रकातींनंतर, म्हणजे नमाजच्या चार फेऱ्यांनंतर, जरा टेकायचं म्हणून ते नाव. आम्ही आपले वीस कधी होतात म्हणून घड्याळाकडे बघणारे.

शास्त्रीनगर, बिडीवाली आपा (मुलगी टाइप करतेय):
आम्हा बायकांचा एतिकाफ घरातच. माझं घर दीड खोलीचं, कपाटामागं जानमाज, नमाजची चटई, मावेल एवढी जागा. दहा दिवस कुठले जमायला, तीनच दिवस नफिल, म्हणजे ऐच्छिक, नीयतीनं बसले. सूप आणि कात्री पलंगाखाली ढकलली. तसबीह, म्हणजे जपमाळ, हातात घेतली की गंमत व्हायची. सुभानल्लाह ३३ वेळा म्हणायचं, पण माझं बोट २५ला थांबायचं. कट्टा २५ बिड्यांचा ना! हसू यायचं, मग पुढं मोजायचे. तिसऱ्या दिवशी ३३ला थांबलं. त्या तीन दिवसांत कुणी माल तपासून छाट काढली नाही, एवढंच मला पुष्कळ.

विजापूर वेस, शिक्षिका:
मे महिन्यात सोलापूर तापतं, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. मी शाळेत मराठी शिकवते, आणि कुरआन लहानपणापासून फक्त अरबीत वाचलेलं, अर्थ न कळता. सुट्टीत मराठी तर्जुमा उघडला. सूरह दुहा, जेमतेम ११ आयती. तुझ्या रब्बानं तुला सोडलेलं नाही, तो नाराजही नाही, अशा अर्थाची ओळ आली आणि अम्मी गेल्यापासून अडलेलं रडू तिथं फुटलं. माझ्या भाषेत वाचलं म्हणून असेल.

पुण्याहून, मूळ सोलापूरचा:
सगळ्यांना मिळतं, मला नाही मिळालं. ईदला चार दिवस आलो, झोपलो, शीरखुर्मा खाल्ला, मोबाइल बघितला. एकच झालं. फजरला, पहाटेच्या नमाजला, अब्बा मला उठवत नाहीत, दाराशी नुसते खाकरतात. चौथ्या दिवशी उठलो. मशिदीपर्यंत दोघं काही न बोलता चालत गेलो. त्याला इबादत म्हणायचं का, माहीत नाही.

शिक्षिका:
नई जिंदगीचे भाऊ, माग मिळाला का परत?

पॉवरलूमवाला:
मिळाला ताई, पण दुसरा. जुना आहे, आवाज जास्त करतो.