सैदीवर पॉपिंग: फ्यूजन की खिचडी?

ठेका_चुकला:
साडेतीन मिनिटांचा बेली डान्सचा सोलो बसवतेय. पहिली दीड मिनिटं फक्त दरबुका (अरबी हातढोल), त्यावर मकसूम आणि मग सैदी हे दोन इजिप्शियन ठेके. पुढची दोन मिनिटं त्याचंच हिप-हॉप रिमिक्स, ९५ बीपीएम (मिनिटाला ९५ मात्रा). अडचण अशी की पॉप (स्नायूचा ठेक्यावरचा झटका) मारला की शिमी (कमरेची सलग, जलद हालचाल) तुटते आणि पुन्हा धरायला चार मात्रा जातात. शिवाय "हे अस्सल नाही" असा परीक्षकांचा शेरा येणार हे नक्की. सैदीची काठी रिमिक्समध्येही ठेवावी का?

दुम_तेक:
आधी ठेका कागदावर मांडा. आठ घरं करा. दुम म्हणजे दरबुक्याचा घुमणारा ठोका, तेक म्हणजे काठावरचा टणक ठोका, रेघ म्हणजे रिकामं घर.

मकसूम: दुम तेक – तेक दुम – तेक –
सैदी: दुम तेक – दुम दुम – तेक –

फरक फक्त चौथ्या घराचा. तिथे तेकऐवजी दुम आला की सैदी, कारण मधे दोन दुम लागोपाठ पडतात. हिप-हॉपचा स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) पडतो तिसऱ्या आणि सातव्या घरात. सातव्यात तेक आधीच बसलेला आहे, तिसरं मात्र रिकामं आहे. पॉप तिथे टाका, हिप ड्रॉप (कमरेची एक बाजू खाली टाकणं) दुमवरच राहू द्या. बहुतेक जण उलटं करतात: कमरही हिप-हॉपच्या किक (जाड ठोका) आणि स्नेअरवर नेतात, दुसऱ्या घरातला तेक गिळतात, आणि मग बघणाऱ्याला वाटतं की नाच भलत्याच गाण्याचा आहे.

शिमीचा वेग: ९५ ला मात्रेमागे चार म्हणजे सेकंदाला सहाच्या थोडं वर, जमण्यासारखं आहे. ट्रॅक पुढे १३० वर जात असेल तर चारच्या हिशोबाने पावणेनऊपर्यंत जाईल. तिथे मात्रेमागे तीनवर उतरा, साडेसहा होतात. ओढूनताणून चार केलेत तर शिमी न राहता थरथर होते.

गुडघे_सैल:
शिमी तुटते ती गुडघ्यामुळे. पॉपमध्ये मांडीचा पुढचा स्नायू झटक्यात आवळला जातो आणि गुडघा मागे जातो. शिमी तर वाकलेल्या गुडघ्यांच्या आलटून-पालटून हालचालीवरच चालते. एकाच पायाकडून दोन्ही कामं एका वेळी होणार नाहीत. म्हणून शिमी चालू असेल तेव्हा पॉप छाती, खांदा, मनगट यांतच घ्या. पायाचा पॉप हवाच असेल तर शिमी सोडा, पॉप मारा, श्वास सोडत गुडघे पुन्हा वाकवा आणि दुसऱ्या मात्रेवर पकडा. हे ७० बीपीएमवर रोज पाच मिनिटं करा, वेग मग वाढवा.

छातीचा पॉप घेताना पोट सैल सुटलं की कंबर मागे वळते आणि सगळा भार मणक्याच्या खालच्या भागावर येतो. ओटीपोट हलकं आत ओढलेलं असू द्या, श्वास कोंडू नका.

शेवटची_रांग:
अस्सलपणाबद्दल. रक्स शर्की, म्हणजे इजिप्शियन बेली डान्स, हा मंचावर घडलेला शहरी नाच आहे. नर्तकी बदिया मसाबनीने १९२६ मध्ये कैरोत क्लब काढला आणि तिथल्या नर्तकींनी बॅले, लॅटिन जे मिळेल ते घेतलं. इजिप्तचे लोकनाच मंचावर आणणारा महमूद रेदा मुळात जिम्नॅस्ट, त्याची मंडळी १९५९ ची. पुढे १९८७ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोत कॅरोलिना नेरिचिओने 'अमेरिकन ट्रायबल' हा बेली डान्सचा प्रकार उभा केला, त्यात तर आपलीच चोळी आणि घेरदार घागरा आहे! त्या 'ट्रायबल' शब्दावर इतके आक्षेप आले की शैलीचं नाव बदलावं लागलं.

आणि पॉपिंगला हिप-हॉप म्हणणारेही चुकतातच. तो फंक नाच, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा, १९७० च्या दशकातला. अस्सलपणाचा दाखला फक्त बेलीकडेच का मागायचा?

दुम_तेक:
@शेवटची_रांग, मुद्दा मान्य, पण सगळंच मिश्र म्हणून काहीही चालतं असं नाही. काठी घ्या. ती आली तहतीबमधून, वरच्या (म्हणजे दक्षिण) इजिप्तमधल्या पुरुषांच्या लाठीच्या खेळातून. बायकांचा काठीनाच हा त्याचा लाडिक आविष्कार, आणि त्याचा जीव सैदीच्या त्या जोड-दुममध्ये. हिप-हॉप बीटवर ती फिरवली तर नुसती बॅटन होते. दीड मिनिट झालं की काठी मंचाच्या कडेला ठेवा, फेकू नका.

ठेका_चुकला:
काठी ठेवायला चार मात्रा लागतील. दरबुक्याचा शेवट त्यासाठी लांबवते. आणि कार्यक्रमपत्रिकेत काय लिहू?

शेवटची_रांग:
'रक्स शर्की' लिहू नका, 'बेली फ्यूजन: सैदी आणि पॉपिंग' लिहा. परीक्षकांना कळतं काय तपासायचं ते. आणि रिमिक्समध्ये अरबी बोल असतील तर जाणकाराकडून अर्थ काढून घ्या. अजान किंवा प्रार्थनेचा तुकडा सॅम्पल म्हणून घुसलेला असतो, त्यावर कंबर हलवायची नसते.

गुडघे_सैल:
नाण्यांचा पट्टा नको. पॉप थांबला तरी नाणी पुढे वाजत राहतात आणि थांबा दिसतच नाही. लांब झालरीचंही तेच. कमरेला घट्ट बांधलेलं कापड आणि एका बाजूला दोन गोंडे पुरेत. रबरी तळव्याचे बूट घालून गिरक्या घेऊ नका, पाऊल चिकटतं आणि पिळा गुडघ्याला बसतो. अनवाणी, नाहीतर कातडी तळव्याचे हाफ शूज.