मदत हवी आहे: अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी उपकेंद्राच्या नर्सबाई घरी येऊ शकतात का? (गुहागर तालुका)

नमस्कार. माझी आई गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी असते, वय ७१. शिमगा झाल्यावर तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. रुग्णालयातून सोडताना लघवीची नळी तशीच ठेवली आहे. माकडहाडाजवळ कातडी सोलवटून जखम व्हायला लागली आहे. घरात बाबा एकटे, ७६ वर्षांचे. मी आणि भाऊ मुंबईच्या बाजूला नोकरीत. आळीपाळीने जातो, पण सलग राहणं दोघांनाही जमत नाही. बाबा तिचं सगळं मनापासून करतात, पण तिला एकट्याने कुशीवर वळवताना त्यांचीच कंबर धरते.

खरी अडचण वाडीची आहे. रिक्षा वर सड्यावर थांबते आणि तिथून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून घर. आईला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून वर न्यावं लागतं. गणपतीत आणि शिमग्यात माणसं असतात. एरवी निम्म्या घरांना कुलपं आणि उरलेल्या घरांत बाबांच्याच वयाचे लोक. नळी बदलायला दर वेळी हे करायचं, आणि आता पाऊस तोंडावर आला आहे. शेवाळलेल्या पाखाडीवरून तिला उचलून नेताना कोणी घसरलं तर काय, या विचाराने झोप लागत नाही.

उपकेंद्र शेजारच्याच वाडीत आहे. शेजारी बाळंतीण माहेरी आली होती, तेव्हा आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी न चुकता घरी येऊन गेल्या. बाळाचं वजन, ताप, अंगावर पाजणं, सगळं पाहिलं. फार बरं वाटलं. बाबांनी उपकेंद्रातल्या नर्सबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “काका, येईन हो, पण नळी बदलायचं मला कोणी लिहून दिलेलं नाही.” त्यांच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. मला एवढंच कळून घ्यायचं आहे की माझ्या आईसारख्या माणसासाठी अशी घरभेट सरकारी व्यवस्थेत बसते का, बसत असेल तर कोणाला भेटायचं, आणि नर्सबाईंकडून काय मागणं रास्त आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (निवृत्त आरोग्य सहाय्यिका, रत्नागिरी जिल्हा)

ताई, बसते. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्यात उपकेंद्राच्या कामांमध्येच लिहिलं आहे की अंथरुणावर असलेल्या वृद्धांना घरी जाऊन पाहायचं आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवायची. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली (आता पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर दिसेल), त्यांच्या बारा सेवांमध्येही वृद्धांची आणि दुर्धर आजारातली काळजी आहे. बाळाच्या भेटींना ठरलेले दिवस आहेत, तसे म्हाताऱ्या माणसाच्या भेटींना आखून दिलेले नाहीत. म्हणून ते काम मागे पडतं. आरोग्य सेविकेकडे (म्हणजे तुमच्या नर्सबाईंकडे) लसीकरण, गरोदर मातांची नोंद, क्षय आणि हिवतापाचे सर्वेक्षण, शिवाय ऑनलाइन नोंदी असतात. डोंगराळ भागात ३,००० आणि सपाटीवर ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र हा निकष; पण आपल्याकडे ते ३,००० लोक किती वाड्यांत आणि किती पऱ्यांच्या (ओढ्यांच्या) पलीकडे पसरलेत हे कागदावर दिसत नाही. मी पावसात साकवावरून चालले आहे, म्हणून सांगते.

आता कोणाला भेटायचं ते. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत, तर प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड आपोआप आरोग्य केंद्रात पोहोचत नाही, ते तुम्हीच पोहोचवायचं. झेरॉक्स आणि साधा अर्ज घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, पोच घ्या. त्यांच्याकडून लिहून घ्या: नळी कितव्या नंबरची, कधी बदलायची, कोणी बदलायची. तुमच्या नर्सबाईंनी हेच मागितलं आणि ते बरोबरच आहे. डॉक्टरच्या लेखी सूचनेशिवाय त्यांनी नळीला हात लावू नये. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर त्यांनाही कार्ड दाखवा.

दुसरं, आशाताईंना आईचा सीबॅक फॉर्म (आरोग्याची प्रश्नावली) भरायला सांगा. तिशीपुढच्या प्रत्येकाचा तो भरतात. त्यात साठीच्या पुढच्यांसाठी प्रश्न आहे, खाणं, कपडे, अंघोळ, शौचाला दुसऱ्याची मदत लागते का. तिथे ‘हो’ची खूण झाली की आई यादीत आली, आणि यादीतल्या माणसाबद्दल महिन्याच्या बैठकीत विचारता येतं.

नळी साधी लॅटेक्सची असेल तर लवकर बदलावी लागते. पूर्ण सिलिकॉनची चालत असेल तर डॉक्टरांना विचारा, ती साधारण बारा आठवड्यांपर्यंत ठेवता येते. एवढ्याने बरंच सोपं होईल. सामान घरात तयार ठेवा: त्याच नंबरची नळी, निर्जंतुक हातमोजे, लिग्नोकेनची जेली, दहा मिलीची सिरिंज, डिस्टिल्ड वॉटर, नवी पिशवी. उपकेंद्रात हे सगळं असेलच असं धरून चालू नका.

जखमेबद्दल बाबांना सांगा, दिवसा दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि एकट्याने ओढायचं नाही; खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी चादरीसकट सरकवायचं. लालसर जागेवर तेल लावून चोळू नका, आतली कातडी आणखी दुखावते. लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहू द्या, पण जमिनीला टेकू देऊ नका. लघवी येणं थांबलं, ओटीपोट फुगलं, थंडी वाजून ताप आला किंवा लघवीत रक्त दिसलं, तर घरभेटीची वाट न पाहता १०८ ला फोन करा. तेव्हा उचलून न्यावंच लागेल, म्हणून वाडीतल्या चार माणसांशी आधीच बोलून ठेवा.

प्रतिसाद (देवगड)

माझ्या वडिलांच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग आमच्या सेविकेने घरी येऊन केलं. आम्ही मुद्दाम खास वेळ मागितली नाही. आमच्या वाडीच्या अंगणवाडीत महिन्यातून एकदा आरोग्य व पोषण दिवस असतो, त्या दिवशी त्या तिथे येतातच. सत्र आटोपलं की घरी यायच्या. मधल्या दिवसांचं ड्रेसिंग त्यांनी मला आणि वहिनीला शिकवलं, माझ्या हातून दोनदा करून घेतलं. तुमच्या वाडीचा दिवस आशाताईंना विचारून नळी बदलण्याची तारीख त्याच्याशी जुळवून पाहा. त्या आल्या की घरात मदतीला दुसरं माणूस हजर हवं.

प्रतिसाद

खासगी नर्स ठेवणार असाल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का ते नक्की पाहा. ‘नर्स’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच मुली मनाने चांगल्या पण अप्रशिक्षित असतात. भरवायला, पुसायला त्या चालतील, नळी त्यांच्या हाती देऊ नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि आरोग्य सल्ल्यासाठी १०४ हे फोन आहेत, तिथेही विचारता येईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर दोनदा वाचून दाखवला. भाऊ काल गावी गेला होता, अर्ज देऊन पोच घेतली. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नळीचा नंबर आणि तारीख लिहून दिली, आणि समुदाय आरोग्य अधिकारी व नर्सबाई दोघी मिळून येतील असं ठरलं. आशाताई फॉर्म भरून गेल्या. जाता जाता म्हणाल्या की आमच्याच वाडीत अंथरुणावरची आणखी दोन माणसं आहेत, त्यांचेही फॉर्म या आठवड्यात भरते. केरळने २००८ साली यासाठी धोरण केलं आणि तिथे पंचायतीच्या मदतीने नर्स घरोघरी जातात, असं वाचलं होतं. आपल्या किनाऱ्यावर तर गावंच्या गावं म्हाताऱ्या माणसांनी सांभाळलेली आहेत. इथे त्याची गरज कमी कशी असेल?

अजून दोन गोष्टी कळल्या तर बरं होईल. सिलिकॉनची नळी चिपळूणला किंवा रत्नागिरीला कोणत्या मेडिकलमध्ये हमखास मिळते? आणि हवेची गादी भाड्याने किंवा वापरलेली कोणाकडे आहे का? आमच्याकडे वीज जाते, तेव्हा गादी किती वेळ फुगलेली राहते हेही वापरणाऱ्यांनी सांगावं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.