सरळ रेषेत फीड बरोबर, गोलाईत मशीन अडखळतं

सीएनसी मशीन सरळ रेषेत ठरलेल्या वेगाने (फीड) चालतं पण गोलाईत अडखळतं, त्यावर वर कोणीतरी कंप्युटर ते मशीनची केबल बदलून बघा असं म्हटलंय, ते चुकीचं नाही, पण खर्च करण्याआधी जीआरबीएलमध्ये (मशीनच्या कंट्रोलरवर चालणारं सॉफ्टवेअर) $१०=३ करा आणि स्टेटसमधला बीएफ चा पहिला आकडा, म्हणजे बफरमध्ये (पुढच्या हालचालींची रांग) किती जागा मोकळ्या आहेत ते, बघा. तो सतत १५ च्या आसपास असेल तर बफर रिकामा आहे, म्हणजे डेटा वेळेत येत नाहीये, केबल किंवा सेंडर (कंप्युटरवरून कमांड पाठवणारा प्रोग्रॅम) तपासा. शून्याजवळ असेल तर बफर भरलेला आहे, केबलला उगाच दोष देऊ नका.

माझ्या सीएनसी राउटरवर दुसरा प्रकार होता. जीआरबीएलचा प्लॅनर (वेग ठरवणारा भाग) साधारण १६ ब्लॉकच, म्हणजे हालचालीचे तुकडेच, पुढचं बघतो आणि तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवतो, कॅमने (डिझाइनवरून मशीनचा मार्ग बनवणारं सॉफ्टवेअर) गोलाईचे ०.०५ मिमीचे तुकडे पाडलेले, म्हणजे जेमतेम ०.८ मिमी पुढचं दिसतंय, त्यात $१२० (एक्स अक्षाचं प्रवेग, मिमी/सेकंद²) डिफॉल्ट १० वरच, हिशोब केला तर २४० मिमी प्रति मिनिटाच्या वर जाताच येत नाही, मग प्रोग्रॅममध्ये एफ १५०० (१५०० मिमी प्रति मिनिट फीड) लिहून काय उपयोग! $१२० आणि $१२१ (वाय अक्षाचं प्रवेग) हळूहळू वाढवत २०० पर्यंत नेलं, दर वेळी मोटरच्या स्टेप चुकत नाहीत ना ते बघत, आणि कॅमचा टॉलरन्स थोडा सैल करून तुकडे ०.२ च्या आसपास आणले. आता गोलाईतही आवाज एकसारखा येतो. $११ ला (कोपऱ्यातून किती वेगाने जायचं ते ठरवणारी सेटिंग) मात्र सगळ्यात शेवटी हात लावा, ते वाढवलं की कोपऱ्यात धक्के बसतात.