सोसायटी ग्रुप: पाइपातला गोळा कुणाचा?

२०४ काका: सकाळपासून आमच्या सिंकमधून पाणी वर येतंय. प्लंबरने पाइप उघडला तर आत पांढरा चिकट गोळा, बोटाला लागला की सुटत नाही. वरच्या मजल्यांपैकी कोण कणीक सोडतंय ते कृपया सांगावे.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती, ओला कचरा डब्यातच टाकावा 🙏

१०२: काका फोटो टाका ना

२०४ काका: 📷 फोटो

१०२: अरे मस्त फुगलीय की 😂

३०१: माझ्याकडे बघून बोलू नका प्लीज. मी घरी ब्रेड करते म्हटल्यावर लगेच माझंच नाव. माझी कणीक तर फुगलीच नव्हती, केव्हाची दगडासारखी पडली होती

१०२: "होती" म्हणजे आता कुठाय ताई

३०३: 🤣🤣

४०२ काकू: फोटो मोठा करून पाहिला. आतली जाळी बघा, चांगली भोकं पडलीत. म्हणजे यीस्ट जिवंत होतं, नुसतं गारठलं होतं. २५-२७ डिग्रीला जे तास-दीड तासात होतं त्याला १८ डिग्रीला दुप्पट वेळ सहज लागतो. एसी चालू असणार. मग पाइपात वरून कुणाच्या भांड्यांचं गरम पाणी आलं आणि तिथे ती फुगली. मी क्लासमध्ये हेच सांगते, पण ऐकतं कोण

३०१: काकू रेसिपीत एक तास लिहिलं होतं, मी घड्याळ लावूनच केलं

४०२ काकू: रेसिपीला तुमचं घर माहीत नसतं. घड्याळ नाही, कणीक बघायची. पिठाचं बोट लावून दाबा, खळगा लगेच उसळून वर आला तर अजून थांबा, हळूहळू अर्धवट भरला तर झाली, तसाच राहिला तर वेळ जास्त झाली

२०४ काका: प्रश्न फुगण्याचा नाही, पाइपचा आहे.

१०२: काका उकळतं पाणी ओतून बघा एकदा

४०२ काकू: अजिबात नको!! पीठ तिथेच शिजून घट्ट बसेल. कणीक पाण्याने विरघळत नाही, स्टार्च धुऊन जातो आणि ग्लूटेनचा चिवट गोळा मागे राहतो. म्हणून सिंकमध्ये टाकायचीच नाही

५०१ आजोबा: बेकिंग पावडर १८४३ मध्ये इंग्लंडमधील आल्फ्रेड बर्ड यांनी तयार केली, कारण त्यांच्या पत्नीस यीस्ट सोसत नसे. सुप्रभात 🌹

३०३: आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. टीव्हीचा आवाज वाढवला

१०२: आजोबा दुपारचे दोन वाजलेत

३०३: बेकिंग पावडरवरून आठवलं, वर्धापनदिनाचा केक आत कच्चा होता तेव्हा सगळे छान छान म्हणत होते, आज मात्र बिचाऱ्या ३०१ ची चौकशी

४०२ काकू: तो केक हॉलमधल्या ओव्हनमध्ये केला होता. डायलवर १८० दिसलं तरी आत तेवढं तापत नाही हे मी आधीच सांगितलं होतं, थर्मामीटर आणा म्हटलं तर कमिटीने हसण्यावारी नेलं. आणि मध्येच दार कुणी उघडलं ते मी बोलत नाही

३०३: बोला की

४०२ काकू: जाऊ दे

३०३: उघडल्याशिवाय कळणार कसं झालाय की नाही?

४०२ काकू: दाराला काच असते.

सेक्रेटरी: दोघींनाही विनंती, वैयक्तिक विषय वैयक्तिक मेसेजवर 🙏

२०४ काका: प्रश्न पाइपचा आहे.

१०२: काकू एवढं विचारतो, माझा केक दर वेळी गच्च होतो, सगळं रेसिपीप्रमाणे घालूनही

४०२ काकू: कपाने मोजता?

१०२: हो

४०२ काकू: तिथेच गडबड आहे. मैदा चमच्याने अलगद भरला तर कपात १२० ग्रॅम येतो, कप पिठात खुपसून भरला तर १५० पर्यंत जातो. तीन कपांत ९० ग्रॅम जास्त, दूध मात्र तेवढंच. वजनकाटा घ्या. आणि मैदा घातल्यावर जास्त फेटू नका

६०१: एवढा व्याप करण्यापेक्षा ब्रेड विकत आणा की हो, पाइपही वाचतील

३०१: घरच्या ब्रेडमध्ये फक्त पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट असतं. विकतच्याच्या पाकिटावरची यादी वाचा एकदा

१०२: आमच्याकडे तेच चारही पाइपात मिळतं 😂

२०४ काका: हसण्याचा विषय नाही. प्रश्न पाइपचा आहे.

३०१: काकू, यीस्ट मेलंय की नुसतं थंड पडलंय हे आधीच कसं ओळखायचं? असंच विचारतेय

४०२ काकू: कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट, दहा मिनिटांत फेस आला तर जिवंत. पाणी ३५ ते ४० डिग्री, ६० च्या आसपास गेलं की मेलंच समजा. आणि न फुगलेली कणीक कोणी फेकतं का? झाकून फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळपर्यंत उलट चव चांगली येते. नाहीच जमलं तर पातळ लाटून तव्यावर भाजायची

३०१: हे काल सांगायचं ना

१०२: काल?? 👀

३०१: काल म्हणजे आधी. बोलायची पद्धत असते

२०४ काका: समजलं. प्लंबर चार वाजता परत येतोय. तोपर्यंत वरच्या सर्वांनी किचनचा सिंक वापरू नये.

३०१: सर्वांनी म्हणजे? माझे दोन्ही हात आत्ता कणकेत आहेत, धुऊ कुठे?

१०२: ताई मग टाइप कोण करतंय