मागचे शॉकअप घरीच बदलायचे आहेत: एक बदलू की दोन्ही?

मानेवाडा_१००सीसी
नमस्कार मंडळी. गाडी १०० सीसीची, मागे दोन साधे हायड्रॉलिक शॉकअप, डबल स्टँड आहे. डाव्या शॉकअपच्या दांड्यावर तेल येऊन राहिलं आणि त्याच्यावर धुळीचा चिकट थर बसतो. मागे कोणी बसलं असलं की सिमेंट रोड संपून गट्टू सुरू होतात तिथे गाडी दणकन बसते आणि मग दोन-तीनदा झुलते. गॅरेजमध्ये सील (दांड्याभोवतीची तेल अडवणारी रबरी कडी) बदलून तेल भरून देतो म्हणतात. भरून घ्यावं की नवे टाकावे? एकच बदललं तर चालते का? घरी करायचं तर पाने कोणते लागतील, आणि चाक काढावं लागते काय?

रिंगपाना
नवेच टाका भाऊ, आणि जोडीनेच टाका. सील फाटतं ते बहुतेक वेळा दांड्यामुळे. क्रोम उडून गंजाचे बारीक टिपके पडले की दांडा प्रत्येक झटक्याला सील घासून काढतो. त्याच दांड्यावर नवं सील बसवलं तर तेही तसंच फाटणार. बोटाचं नख दांड्यावरून वर-खाली फिरवा. अडकलं तर तेल भरण्यावर पैसे घालू नका.

एकच बदललं तर एका बाजूला धक्का आवरला जातो आणि दुसऱ्या बाजूला नाही. चिमटा (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा लोखंडी फाटा) पिळला जातो, वळणावर गाडी हलल्यासारखी वाटते.

घेताना मॉडेलसोबत वर्षही सांगा. जुना नेऊन वरच्या डोळ्याच्या (टोकाच्या गोल कडीच्या) मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी जुळवा, डोळ्यातल्या रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीचं भोकही पाहून घ्या. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॉकअप टाकू नका. चिमट्याचा कोन बदलतो, चेन घासते, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते.

गोटी_सेट_नागपूर
चाक काढायची गरज नाही. १४ आणि १७ चे रिंग पाने किंवा गोटी पाना बहुतेक पुरतात, पण आधी नटवर लावून पाहा. पाना ढिला बसला तर जोर देऊ नका, नटाची टोकं गोल होतील.

आदल्या रात्री चारही नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सायलेन्सर थंड असताना कामाला लागा. दोन्ही शॉकअपची सेटिंग (स्प्रिंग दाबणारी खाचांची कडी) सगळ्यात खालच्या पायरीवर आणा. नट पहिल्यांदा सैल करायचे ते गाडी जमिनीवर, साइड स्टँडवर असताना. डबल स्टँडवर चढवून मग जोर लावला तर गाडी स्टँडवरून उतरून अंगावर येऊ शकते. नट सुटले की डबल स्टँड लावा आणि मागच्या टायरखाली फळी किंवा विटा सरकवा, म्हणजे चाक लटकणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: एका वेळी एकच बाजू. एक शॉकअप जागेवर असला की तो चिमटा धरून ठेवतो. दोन्ही एकदम काढले तर चिमटा खाली पडतो, ब्रेकची दांडी ओढली जाते, आणि मग भोकं जुळवताना घाम निघतो. डावीकडे साडी गार्ड आड येत असेल तर तो आधी सोडा. उजवीकडे खालच्या बोल्टला सायलेन्सर अडवत असेल तर त्याचा मागचा बोल्ट थोडा ढिला केला की पाना आत जातो.

वॉशरचा क्रम काढण्याआधी मोबाइलवर टिपून ठेवा. आत कोणता, बाहेर कोणता, हे नंतर आठवत नाही.

डोळा वरच्या खुंटीवर चिकटून बसला असेल तर हातोडी मारू नका. खुंटी चॅसिसला वेल्ड केलेली असते. वाकली किंवा तिचे आटे गेले तर काम वेल्डिंगवाल्याकडे जाते. दोन्ही हातांनी पुढे-मागे पिळत बाहेर ओढा, मागून लाकडी पट्टीने टेकू द्या. निघाल्यावर खुंटी बारीक पॉलिश पेपरने साफ करून ग्रीसचा पातळ हात मारा. ग्रीस लोखंडालाच, रबरी बुशला नाही. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

नवा शॉकअप आधी वर, मग खाली. खालचं भोक जुळत नसेल तर चाक हाताने किंवा टायरखाली पहार घालून थोडं उचला. बोल्ट ठोकून बसवू नका. पहिले चार-पाच आटे हातानेच फिरले पाहिजेत. नट अर्धवट आवळा, गाडी चाकांवर उतरवा, कोणाला तरी सीटवर बसवा आणि मगच शेवटचा पीळ द्या. चाक लटकत असताना पूर्ण आवळलं तर बुशचं रबर त्या स्थितीत जखडतं आणि माणूस बसला की कायम पिळलेलं राहतं.

चिमटा_बुश
यात दोन गोष्टी जोडतो. एका बाजूचा शॉकअप काढलेला असताना चाक धरून आडवं हलवून पाहा. चिमट्याच्या मुळाशी खेळ जाणवला तर चिमट्याचे बुश गेलेत; नव्या शॉकअपने ती डगमग जाणार नाही. आणि दुकानात आडवा पडलेला साधा शॉकअप सुरुवातीला पोकळ वाटतो, कारण आतली हवा भलत्या जागी गेलेली असते. बसवल्यावर सीट दहा-पंधरा वेळा जोरात दाबा, नंतरच तो चांगला की वाईट ते ठरवा. गॅस भरलेल्या शॉकअपला हे लागत नाही, पण तो जुना झाला तरी भोक पाडून उघडू नका, आत दाब असतो.

सेटिंग दोन्हीकडे एकाच पायरीवर ठेवा. पायरी वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी मागून उंच उभी राहते एवढंच. एकटे चालवत असाल तर खालची पायरी, रोज डबल सीट असेल तर एक-दोन वर. शेवटी चेनचा ढिलेपणा पुस्तकातल्या मापाने तपासा.

मानेवाडा_१००सीसी
दोन्ही बसले, झुलणं गेलं. पण उजवीकडून गड्ड्यात कट-कट आवाज येते. वरचा नट फुल टाइट आहे. काऊन होत असेल?

गोटी_सेट_नागपूर
वरचा नट टोपीवाला (एका तोंडाने बंद) आहे ना? मग एक वॉशर राहिला असेल. वॉशर नसला की खुंटीचं टोक टोपीच्या आत आधी टेकतं. पान्याला नट घट्ट लागतो, पण बुशवर दाब येतच नाही आणि डोळा खुंटीवर सरकत राहतो. डोळा हाताने खुंटीच्या दिशेने आत-बाहेर हलवा. हलला तर हेच. नट काढा, डाव्या बाजूशी वॉशर मोजून जुळवा आणि राहिलेला घाला. तोवर गाडी चालवू नका, बुशची नळी खुंटीचे आटे खाते.