त्सुइत्सुइ निसर्गाचं प्रतीक नाही

त्सुइत्सुइ ही नायिका 'निर्मळ निसर्गाचं प्रतीक' आहे, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. चिनी लेखक शेन त्सोंगवन यांच्या 'सीमेवरचं गाव' (१९३४) या कादंबरीत तिचं नावच होडीच्या धक्क्यालगतच्या डोंगरावरच्या बांबूंच्या हिरव्या रंगावरून पडलंय, हे खरं. पण त्याच डोंगरावर एका रात्री वादळ होतं, होडी वाहून जाते, पांढरा पॅगोडा कोसळतो आणि तिला वाढवणारे नावाडी आजोबाही वारतात. ज्या पाण्याने पोरीला वाढवलं, तेच तिला पोरकं करतं. हे सौंदर्य नुसतं डोळे निववणारं नाहीच.

मला याहून जवळची वाटते ती चिनी लेखिका शियाओ होंग यांच्या 'हुलान नदीच्या कथा' या पुस्तकातली चिमुरडी. आजोबा परसबागेत निंदणी करतात, आणि ही लसूणपातीसारखी भाजी तण समजून कापते, रानगवत मात्र राळं समजून राखते! तिला दोन्ही सारखीच हिरवी. तिच्या नजरेत काकडीच्या वेलाला वाटलं तर तो वांझ फूल धरेल, वाटलं तर काकडी. पीक आणि तण हा भेद माणसाने केलेला. मूल अजून त्या भेदाच्या अलीकडे उभं आहे. परिसरकेंद्री सौंदर्यदृष्टी, म्हणजे माणसाऐवजी निसर्गाला मध्यभागी ठेवणारी नजर, म्हणतात ती मला इथे दिसते. हे पुस्तक लेखिकेने ऐन युद्धात, घरापासून फार दूर हाँगकाँगमध्ये पूर्ण केलं, हे आठवलं की ती बाग आणखी जिव्हारी लागते.

चिनी लेखक लू शून यांच्या 'माझं गाव' या कथेतला शेतकऱ्याचा पोर रुनथूही यात घ्यायला हवा. तो टरबुजं राखतो ती बिज्जूसारख्या जनावरांपासून. तहानलेल्या वाटसरूने एखादं घेतलं तर त्याच्या गावी ती चोरी मानत नाहीत.